उजव्या बाजूचा हर्निया

“कुठल्या बाजूचा?” असं शेजारच्या बाळोबांनी विचारलं, तेव्हा मी “उजव्या” म्हणालो आणि त्याच दमात आई “डाव्या” म्हणाली.

नाशिकहून ऑपरेशन करून घरी आलो, त्याला तीन दिवस झाले होते. येवल्यातली आमची विणकरांची गल्ली एकेक करून भेटून जात होती. बाळोबांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं, त्यामुळे ते या विषयातले अधिकारी पुरुष होते. ओझं उचलू नको, खोकला आला तर पोटावर उशी धर, हरभऱ्याची डाळ तर बघूसुद्धा नको, असं त्यांनी मला बजावलं आणि मग हा उजवी-डावीचा घोळ ऐकून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. मी घाईत आईला एक सांगितलं होतं आणि आता तोंडातून दुसरं निघालं होतं.

मला वाचवलं ते हेमीनं. हेमी, म्हणजे हेमलता, माझी धाकटी बहीण, त्याच खोलीत मागावर बसली होती. ती धोटा न थांबवता म्हणाली, “दादाला स्वतःच्या पोटाची उजवी-डावी कळत नाही, आणि हा मला पदराचे धागे मोजायला शिकवतो.”

सगळे हसले. मीही हसलो. हसलं की टाके ओढले जात, आणि ते टाके पोटाला नाहीत हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं. हर्निया मला कधी झालाच नव्हता.

मला झाली होती गाठ. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला अंगाला तेल लावताना हाताला लागली. वाटाण्याएवढी, टणक, दुखत मुळीच नव्हती. कुठं, ते सांगायला मला आजही जड जातं, आणि या गोष्टीत तेच सगळ्यात जड आहे, म्हणून सांगून टाकतो. उजव्या अंडाच्या वरच्या अंगाला. चार दिवसांनी धीर करून डावीकडे चाचपलं, तर तिथंही एक, थोडी लहान. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ अशी म्हण आहे. आमच्या घरात जावई अजून यायचा होता, तरी संक्रांतीपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. मग नाशिकला साड्या पोचवायच्या निमित्तानं एका सर्जनला दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली, रक्त तपासलं, आणि म्हणाले की उजवीकडची काढून तपासायला पाठवू, तोवर काही सांगता येत नाही. काही सांगता येत नाही म्हणजे काय, ते सत्तावीस वर्षांच्या माणसाला कळतंच. परतीच्या एसटीत मी स्वतःला निदान तीनदा मारून, जाळून, तेराव्याला लोकांना जेवायला घालून घरी आलो. घरी सांगितलं, हर्निया. पुरुषाच्या कमरेखालच्या कुठल्याही दुखण्याला आमच्याकडे तो एकच शब्द चालतो.

घर म्हणजे आई, हेमी, मी आणि भानुकाका. वडील मी चौदा वर्षांचा असताना गेले. मागावर बसल्याबसल्या डोकं दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं, आणि आई पाणी घेऊन येईतो विणलेल्या कापडावर डोकं टेकून बसले होते. ते उठलेच नाहीत. वय त्रेचाळीस. भानुकाका त्यांचे धाकटे भाऊ. तिशी यायच्या आत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांचं लग्न राहून गेलं. दिवसभर ते ओट्यावर बसून चाचपून धोट्यातल्या कांड्यांवर दोरा भरायचे, आणि त्यांच्या कांडीचा दोरा कधी तुटला असं मला आठवत नाही.

डोळे कसे गेले, असं त्यांना कुणी विचारत नसे. पैठणी विणणाऱ्यांच्या गल्लीत आंधळं माणूस असणं हे काही नवल नव्हतं. मोराच्या मानेतला एकेक धागा हातानं उचलून रंगाचा भरायचा, वर्षानुवर्षं, मिणमिणत्या दिव्यात. डोळे राहतील कसे? बारीक कामानं गेले, एवढं म्हटलं की प्रश्न संपायचा. काका स्वतः मात्र ते कुणाला माफ करत नसत. आजोबांनी त्यांना दहाव्या वर्षी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसवलं होतं. “माझे डोळे माझ्या बापानं खाल्ले,” असं ते म्हणायचे. आजोबांच्या श्राद्धाच्या पानाला त्यांनी जन्मात हात जोडले नाहीत.

आणि हेमी. एकवीस वर्षांची, माझ्यापेक्षा सरस हाताची. तिचा मोर पाहूनच तिला स्थळ आलं होतं. दोन गल्ल्या पलीकडचं, चार मागांचं घर, मुलगा सुधाकर शांत आणि निर्व्यसनी. साखरपुडा झाला होता, वैशाखातली तारीख धरली होती. बैठकीत मुलाच्या आत्यानं काकांकडे पाहत आईला विचारलं होतं, “घराण्यात काही नाही ना?” आई म्हणाली, “बारीक काम, दुसरं काय.” आत्याबाईसुद्धा विणकराचीच लेक. तिनं मान हलवली आणि साखरेची पुडी उचलली.

तर असं सगळं असताना, टाके काढायच्या दिवशी मी एकटा नाशिकला गेलो. सर्जननी टाके काढले आणि म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, घाबरू नका, पण ज्यांनी तपासलाय त्या पेठेबाईंना तुमच्याशी बोलायचंय. शेजारच्याच इमारतीत त्यांची लॅब आहे, जाऊन या.

बाई म्हटल्यावर मी जिन्याच्या पायथ्याशीच दोन मिनिटं थांबलो. पन्नाशीच्या, बुटक्या, केसांना मेंदी लावलेल्या बाई होत्या. मायक्रोस्कोपमधून मान वर करून त्यांनी मला समोर बसायला सांगितलं आणि लगेच विषयाला हात घातला.

“कर्करोग नाही. आधी तेवढं ऐकून घ्या.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू नये म्हणून तसाच पाहत राहिलो. त्यांनी सांगितलं ते असं, की अंडाला काही झालेलं नाही. त्याच्या पाठीमागे बारीक नळ्यांची एक गुंडाळी असते, तिला ही गाठ येते. आत पाण्याच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. साधी गाठ, पसरत नाही, जीव घेत नाही. पण फार दुर्मीळ. बावीस वर्षांत त्यांनी ही दुसऱ्यांदा पाहिली होती. एक बाई माझ्याशी त्या जागेबद्दल इतकं मोकळेपणी बोलत होती आणि मी कॅलेंडरवरच्या एकादश्या मोजत होतो.

“इकडे बघा,” त्या म्हणाल्या. “एकाच बाजूला असती तर मी तुम्हाला बोलावलं नसतं. दोन्हीकडे आहे म्हणून विचारते. घरात कुणाची दृष्टी गेलीय का? तरुण वयात?”

मी पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं.

“कुणी मेंदूत रक्तस्राव होऊन गेलंय? डोक्यात गाठ? अचानक?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन गोऱ्या डॉक्टरांच्या नावांचा एक आजार असतो. तो रक्तातून येतो. बापाला असला तर पोरांना असायची शक्यता निम्मी. कुणाला त्याची ही अशी गाठ येते, ती निरुपद्रवी. कुणाला डोळ्यात रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके होतात, कुणाला मेंदूत, कुणाला मूत्रपिंडात. डोळ्यातला झुबका लहान असताना सापडला तर लेझरनं पाच मिनिटांत जाळून टाकता येतो आणि डोळा वाचतो. दृष्टी अधू व्हायला लागल्यावर आलं, तर बहुतेक वेळा हात चोळत बसायचं. “म्हणून म्हणते, तुमची ही गाठ म्हणजे नशीब समजा. तिच्यामुळे घरातल्या बाकीच्यांना आधी कळेल. आता सांगा, वडील कशानं गेले?”

ते विणलेल्या कापडावर टेकलेलं डोकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. भानुकाका ओट्यावर बसून कांडी भरत होते, तेही दिसत होते. आणि त्यांच्यामागे, तितकीच स्पष्ट, आत्याबाई दिसत होती, साखरेची पुडी परत ठेवताना.

“हार्टनं,” मी म्हणालो.

“काका, आत्या?”

“एक काका आहेत. धडधाकट आहेत.”

“भावंडं?”

“एक बहीण.”

पेठेबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला चिठ्ठी द्यायचीच आहे, तुमचं उत्तर काहीही असो. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. स्वतः जा, आणि बहिणीला न्याच. तिला काही त्रास नसला तरी न्या. त्रास नसतानाच न्यायचं असतं.”

पाकीट घेऊन मी खाली उतरलो. खोटं सांगणार नाही, त्या वेळी मनात पहिली गोष्ट आली ती आनंदाचीच होती. मी मरणार नव्हतो. कोपऱ्यावर उभा राहून मी दोन कप चहा प्यायलो, आईसाठी द्राक्षं घेतली, हेमीसाठी बांगड्या घेतल्या. चिठ्ठीचा विचार एसटी निफाडच्या पुढे गेल्यावर सुरू झाला. येवल्याला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं: लग्न होऊ दे, मग सांगू. दोन महिन्यांनी काय बिघडतंय? पोरीला चांगलं दिसतंय, हसतेय-खेळतेय. चिठ्ठी मी जरीच्या तुकड्यांच्या डब्यात तळाशी घातली.

हेमीचं लग्न झालं. दृष्ट लागावी असं झालं. नेसायला तिनं स्वतःच विणलेली पैठणी होती आणि पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “ओझं उचलू नकोस रे, हर्निया परत होईल.” लोक रडत होते, ते हसले.

मग म्हटलं, नवं घर आहे, जरा रुळू दे. रुळली तोवर तिला दिवस गेले. गरोदर बाईला असलं काही सांगतात का? केतकी झाली. आता बाळंतीण आहे, मूल अंगावर पितंय. सांगायच्या गोष्टीचं असं असतं, की ती आज नको उद्या म्हणत ठेवली तर तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, इतके दिवस का नाही सांगितलं, ही. पहिली गोष्ट मी कदाचित सांगितली असती. दुसरी माझ्यानं सांगवत नव्हती.

मधल्या काळात भानुकाका वारले. शेवटपर्यंत आजोबांना बोल लावत वारले. त्यांच्या बापानं त्यांचे डोळे खाल्ले नव्हते, हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. मी त्यांच्या उशाशी बसून पाय चेपत होतो. तेही वाक्य राहून गेलं.

मी लग्न केलं नाही. बहिणीचं केलं, आईला सांभाळतो, असं म्हणून गल्लीनं मला फार मोठं करून ठेवलं. बाळोबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं उदाहरण द्यायचे. वर्षातून एक दिवस मी औरंगाबादला जायचो. घरी सांगायचो, जरीचा माल बघायला जातो. कुणी कधी विचारलं नाही, की जरीचा माल सुरतेहून येतो, तर हा औरंगाबादला काय बघतो.

केतकी सात-आठ वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. हेमी मागावर बसताना मान डावीकडे कलती ठेवायला लागली. आधी मला वाटलं, मान अवघडली असेल. मग एकदा तिच्या मोराच्या पिसाऱ्यात दोन डोळे चुकलेले दिसले. हेमीचा मोर चुकतो म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? पण तोंडातून काय निघालं? “काम कमी कर. उजेड नीट घे.” एवढं बोलून मी थांबलो नाही. तिच्या मागावर लावायला मी चांगली लांब दांडीची ट्यूब विकत आणली, स्वतः खिळे ठोकून बसवून दिली. ती सासूला कौतुकानं दाखवत होती, दादानं आणली म्हणून.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तिला उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. सुधाकर जनावरांच्या बाजारापलीकडच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, त्यांनी नाशिकला पाठवलं. आम्ही सगळे गेलो, हेमी, सुधाकर, केतकी, आई आणि मी. डॉक्टर गद्रे म्हणून तरुण, शांत गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाले, की उजव्या डोळ्याचा पडदा आतून सुटलाय, ऑपरेशन करू पण दिसेल अशी आशा देत नाही. डाव्यातही दोन झुबके आहेत, पैकी एक मोठा. ते आता लेझरच्या पलीकडे गेलेत, गोठवून बघू, तो डोळा वाचवायचा प्रयत्न करू. मग त्यांनी विचारलं, तेच, शब्दाला शब्द तेच. घरात कुणाचे डोळे, कुणाचा मेंदू, कुणाला कसली गाठ?

आईनं सगळं सरळ सांगितलं, तिला लपवायला काय होतं. दीर आंधळे होते, बारीक कामानं. मालक मागावर गेले, डोकं दुखून. “आणि गाठ?” डॉक्टरांनी विचारलं. “कुणाला, कुठंही. साधीसुद्धा.”

“नाही हो,” आई म्हणाली. “या दिगूचं तेवढं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. बाकी काही नाही.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. हर्निया लिहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही सख्खे भाऊ ना? आलाच आहात तर तुमचेही डोळे बघून घेऊ. सिस्टर, यांना थेंब घाला.”

बाहुली मोठी करायचे ते थेंब चांगले अर्धा तास घेतात. आई आणि सुधाकर केतकीला घेऊन खाली चहाला गेले. बाकावर मी आणि हेमी शेजारी शेजारी बसलो, तिच्याही डोळ्यांत थेंब, माझ्याही. समोरचं सगळं हळूहळू पुसट व्हायला लागलं. मला ते नवीन नव्हतं. नऊ वर्षं दर वर्षी औरंगाबादला मी असाच एका बाकावर बसत आलो होतो.

होय. चिठ्ठी मी फाडली नव्हती. मला ती लागणार होती. हेमीचं लग्न वैशाखात झालं आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी ती चिठ्ठी घेऊन औरंगाबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, एकटा. माझ्या डाव्या डोळ्यात एक झुबका सापडला, मोहरीएवढा. त्यांनी तो लेझरनं जाळला. चार वर्षांनी उजव्यात एक, तोही जाळला. तिथले डॉक्टर दर वर्षी म्हणायचे, घरच्यांना आणा. मी हो म्हणायचो. लग्न मी का केलं नाही, तेही आता लपत नाही. माझ्या न झालेल्या पोरांना हा आजार जाईल, म्हणून मी बोहल्यावर चढलो नाही, इतका मी विचारी होतो. बहिणीच्या झालेल्या पोरीचा विचार मात्र मला सुचला नाही.

तर तो अर्धा तास मला मिळाला होता. आत गेलो की गद्रे डॉक्टर डोळ्यात उजेड टाकणार आणि जळल्याचे डाग त्यांना दिसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याआधी मी स्वतःच्या तोंडानं सांगू शकत होतो. माणूस सांगतो आणि माणूस सापडतो, यात फरक आहे. मी दोनदा घसा साफ केला.

हेमीनं माझा हात चाचपून हातात घेतला. “दादा, तू घाबरू नको,” ती म्हणाली. “तुला काही निघणार नाही. तू तर मागावर माझ्या निम्मासुद्धा बसला नाहीस. मीच हावरी. ती ट्यूब लावलीस तेव्हा मी आणखी दोन तास जास्त बसायला लागले.” मग थोडं थांबून म्हणाली, “मागावर अर्धा मोर राहिलाय. त्याची मान तेवढी तू पुरी कर. सासूबाईंच्या हाताला ती निळी छटा येत नाही.”

मी हो म्हणालो. नर्सनं माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो. अर्धा तास संपला होता.

काळोख्या खोलीत हेमीही आत आली होती, भिंतीपाशी स्टुलावर बसलेली. डॉक्टरांनी माझी हनुवटी टेकवायला सांगितली, उजेड टाकला. डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

“हे लेझर कुठं केलं?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “औरंगाबादला.”

“कधी?”

“डाव्याचं नऊ वर्षांपूर्वी.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कुणी सांगितलं होतं?”

मी हनुवटी टेकलेलीच ठेवून सगळं सांगितलं. गाठ, दोन्हीकडची, कुठली ती, पेठेबाई, चिठ्ठी. त्या यंत्रात डोकं अडकवलेलं असल्यामुळे मला मागे पाहता येत नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. डॉक्टर फक्त म्हणाले, “मुलगी केवढी आहे?” आणि ते माझ्याशी बोलत नव्हते.

“आठ वर्षांची,” हेमी म्हणाली. मग तिनं विचारलं, “केतकीच्या वेळी मला दिवस होते, तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि भिंत धरत उठली.

केतकीच्या डाव्या डोळ्यात एक झुबका निघाला. मोहरीएवढा. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. हे वाक्य ऐकताना मी जमिनीकडे पाहत होतो.

हेमीनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. सुधाकरला रक्तातला आजार आहे एवढं कळलं. आईला तेवढंही नाही. ऑपरेशन उरकून हेमीला घेऊन आम्ही आमच्या घरी परत आलो त्या संध्याकाळी बाळोबा ओट्यावर येऊन बसले आणि हळहळून विचारायला लागले, की एवढ्या गुणी पोरीच्या डोळ्याला झालं तरी काय. मी दारातच उभा होतो. मला वाटलं, आता ती सांगणार. हेमीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. ती म्हणाली, “बारीक काम, दुसरं काय.” ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. मी इतकी वर्षं चालू दिलेलं खोटं तिनं जसंच्या तसं उचललं आणि माझ्यासाठी वापरलं. त्यापेक्षा तिनं मला गल्लीत उभं करून चार शिव्या घातल्या असत्या तर मी आयुष्यभर तिचे उपकार मानले असते.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या मागावरच्या मोराची मान मी रोज जाऊन भरत होतो, ती समोर बसून तांदूळ निवडायची, बोटांनी. ट्यूब तिनं काढून टाकायला लावली होती.

केतकीच्या लेझरचा दिवस ठरला. आदल्या दिवशी हेमी आमच्या दारात आली, उंबरठ्याच्या बाहेरच उभी राहिली.

“उद्या तू चल,” ती म्हणाली. “पोर भितेय. दुखतं का, काय दिसतं, विचारतेय. मला काय माहीत? माझं कधी झालंच नाही.”

मी गेलो. त्याच बाकावर केतकी माझ्या आणि हेमीच्या मधे बसली, डोळ्यांत थेंब घेऊन, पाय हलवत. तिनं माझी बाही ओढली आणि विचारलं, “मामा, दुखतं का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “हनुवटी टेकवायची आणि हलायचं नाही. हिरवा उजेड येतो, एकदम, टिचकी मारल्यासारखा. चार-पाच वेळा. मग थोडा वेळ सगळं गुलाबी दिसतं, आणि मग दिसायला लागतं.”

हेमी ऐकत होती. तिनं आपला राहिलेला डोळा समोरच्या भिंतीवर ठेवला होता.

केतकीनं जरा विचार केला. “पण तुला कसं माहीत?” तिनं विचारलं.

हेमीची बोटं पदराच्या काठावर थांबली. आतून नर्स नाव पुकारत होती, पण हेमी उठली नाही.

“माझं झालंय,” मी म्हणालो. “तुझ्या जन्माच्या आधी.”